चांगल्या जुन्या गाडीला किंमत का येत नाही?

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नागपूर शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी जुनी पण भरवशाने चालणारी चारचाकी ही चैनीची नव्हे, तर कामाची वस्तू असते. नागपूर ते नागभीड धावणारी छोटी रेल्वे गेज बदलाच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस थांबल्यानंतर रस्त्यावरील वाहनांचे महत्त्व आणखी वाढले, आणि दवाखाना, महाविद्यालय, बाजार समिती किंवा लग्नकार्य यांसाठी कमी पैशात मिळणारी, वाटेत दगा न देणारी गाडी अनेक कुटुंबांना हवी असते. मागणी अशी असूनही स्वतःची गाडी थेट गिऱ्हाइकाला विकू पाहणाऱ्या मालकापुढे एक कोडे हमखास उभे राहते. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या, एकाच हातात राहिलेल्या त्याच्या गाडीला जो भाव सांगितला जातो, तो त्याच वर्षीच्या आणि त्याच मॉडेलच्या दुर्लक्षित गाडीच्या भावाहून फारसा वेगळा नसतो. परंतु तीच गाडी नागपुरातील एखाद्या व्यापाऱ्याकडे गेली की थोड्याच दिवसांत तिच्यावर बरीच मोठी किंमत लागते. मधल्या काळात इंजिन बदललेले नसते, टायर नवे झालेले नसतात. मग किंमत कशाची वाढते, आणि मालकाला ती स्वतः का मिळवता येत नाही, हे समजले तर खासगी विक्रीतील जवळपास प्रत्येक पायरीचा अर्थ उलगडतो.

एकाला ठाऊक, दुसऱ्याला अंदाज

या कोड्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या निबंधात दिले. विकणाऱ्याला वस्तूचे खरे रूप माहीत असते आणि घेणाऱ्याला ते माहीत नसते, या स्थितीला अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात. अकेरलॉफ यांनी तिचे मुख्य उदाहरण म्हणून वापरलेल्या मोटारींचाच बाजार निवडला. १९६७-६८ मध्ये ते भारतात राहिले होते, आणि बाजारातील तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे गृहिणींना कसे निवडावे लागतात, हे भारतातले उदाहरणही त्यांच्या निबंधात येते. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भिवापूरच्या वाचकाला ही कल्पना मिरचीवरून सहज समजेल. बाजारात आलेली अख्खी मिरची हातात घेता येते, मोडून पाहता येते, रंग आणि वास पारखता येतो, त्यामुळे चांगल्या मालाला वेगळा भाव मागता येतो. पण तीच मिरची दळून पुडीत भरली की चांगले आणि भेसळीचे तिखट वरून सारखेच दिसते, आणि अनोळखी विक्रेत्याकडून पुडी घेणारा माणूस भेसळीची शक्यता धरूनच पैसे देतो. वापरलेली गाडी ही अशा बंद पुडीसारखी असते, कारण तिची झीज इंजिनाच्या आत, गिअरबॉक्समध्ये आणि चटईखालच्या पत्र्यात लपलेली असते.

आकड्यांत हे असे मांडता येईल. एका मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या दहा गाड्या विक्रीला आहेत, त्यांपैकी पाच उत्तम असून त्यांचे खरे मोल प्रत्येकी १,६०,००० रुपये आहे आणि उरलेल्या पाच खिळखिळ्या असून त्यांचे मोल ८०,००० रुपये आहे, असे समजू. घेणाऱ्याला त्या वेगळ्या ओळखता येत नसतील, तर तो सरासरी काढून १,२०,००० रुपयांच्या वर जाणार नाही. एवढ्या किमतीत उत्तम गाडीचा मालक विकण्याऐवजी ती वापरत राहणे किंवा नात्यातल्या कोणाला देणे पसंत करतो, म्हणून बाजारात खिळखिळ्या गाड्यांचे प्रमाण वाढते, ते ओळखून गिऱ्हाईक आणखी खाली येते, आणि अखेर सगळा भाव ८०,००० रुपयांकडे सरकतो. येथे कोणीही खोटे बोललेले नसते. खरे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे साधन नसणे एवढेच भाव पाडायला पुरते.

वय वाढते तशी शंका का वाढते

नव्या गाडीची किंमत सुरुवातीला झपाट्याने घसरते आणि नंतर संथ होते. विमा कंपन्या गाडीचे घोषित मूल्य ठरवताना जो तक्ता वापरतात, त्यात हे दिसते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो आणि मूल्य विमा कंपनी व मालक यांनी आपसात ठरवायचे असते. याचे कारण असे की दोन वर्षांच्या दोन गाड्यांमध्ये फरक फारसा नसतो, पण बारा वर्षांच्या दोन गाड्यांमध्ये तो प्रचंड असू शकतो. तोवर गाडीची अवस्था तिच्या वयावर कमी आणि मालकाच्या सवयींवर अधिक अवलंबून राहते. गाडी जितकी जुनी, तितकी मालकाकडची लपलेली माहिती मोलाची आणि गिऱ्हाइकाची शंका मोठी.

ही शंका काही गाड्यांबाबत कमी असते, आणि त्यामागे सोपे कारण आहे. १९८३ पासून २०१४ पर्यंत बनलेली मारुती ८००, किंवा तिच्यानंतर घरोघरी पोहोचलेल्या ऑल्टो आणि वॅगन आर, या मोठ्या संख्येने विकल्या गेल्यामुळे त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि गावातल्या मेकॅनिकला त्यांचे इंजिन तोंडपाठ असते. अशा गाडीत पुढे काही निघालेच तरी दुरुस्तीचा खर्च किती येईल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून गिऱ्हाईक धोका कमी धरते. उलट कमी खपलेल्या मॉडेलची गाडी कितीही चांगली असली, तरी एखादा भाग नागपूर-मुंबईहून मागवावा लागण्याची भीती तिच्या भावातून वजा होते.

वयाच्या संदर्भात पंधराव्या वर्षाची सीमाही महत्त्वाची आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी वैध असते, त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात वयावरून गाड्यांवर निर्बंध आल्याच्या बातम्यांमुळे अनेकांचा समज होतो की पंधरा वर्षांनंतर गाडी मोडीतच काढावी लागते. महाराष्ट्रात केवळ वयामुळे खासगी गाडी बाद होत नाही. तरीही चौदाव्या वर्षी विकायला निघालेल्या गाडीचे गिऱ्हाईक नूतनीकरणाचा खर्च, फेऱ्या आणि तपासणीत नापास होण्याची शक्यता असे तिन्ही वजा करून भाव सांगते, आणि या तिसऱ्या गोष्टीची वजाबाकी बहुधा खर्चापेक्षा मोठी असते. म्हणून नोंदणी आधीच वाढवून घेतलेल्या गाडीला, झालेल्या खर्चाहून अधिक फरक मिळण्याची शक्यता असते.

व्यापारी नेमके काय विकतो

मारुतीने २००१ मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ हे दालन सुरू केले आणि नंतर इतर कंपन्यांनी व संकेतस्थळांनी हाच मार्ग धरला. या दुकानांत गाडीची तपासणी होते, ठरावीक काळाची हमी दिली जाते आणि कागदपत्रांची जबाबदारी घेतली जाते. म्हणजे व्यापारी गाडीबरोबर खात्रीही विकतो, आणि सुरुवातीच्या कोड्यात वाढलेली दिसणारी किंमत ही प्रामुख्याने त्या खात्रीची असते. तिच्यात दुकानाचे भाडे, पडून राहणाऱ्या भांडवलाचा खर्च आणि करही मिसळलेला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने जैसलमेरच्या बैठकीत वापरलेल्या गाड्यांवरील कराचा दर १८ टक्के असा एकसारखा केला. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर लागतो, दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर लागत नाही. थेट विकणाऱ्या मालकाला ही सर्व रक्कम गिऱ्हाइकाबरोबर वाटून घेता येते, मात्र त्यासाठी खात्री देण्याचे व्यापाऱ्याचे काम त्याने स्वतः करावे लागते.

कोणता पुरावा बोलतो, कोणता नाही

मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की खात्री पटवणारी खूण तीच, जी चांगल्या मालाच्या धन्याला स्वस्तात आणि वाईट मालाच्या धन्याला महागात पडते. या कसोटीवर विक्रीपूर्वीच्या नेहमीच्या तयाऱ्या तपासल्या, तर आश्चर्यकारक निष्कर्ष निघतात. संपूर्ण गाडीला नवा रंग देणे ही खूण निरुपयोगी ठरते, कारण पैसे असलेल्या कोणालाही रंग देता येतो. इतकेच नव्हे, तर ताज्या रंगाखाली डेंटिंग किंवा गंज दडवला असावा अशी शंका मेकॅनिकच्या मनात येते. किलोमीटरच्या आकड्यालाही एकट्याने फार वजन नसते, कारण तो मागे फिरवता येतो हे सर्वांना ठाऊक आहे. याउलट दहा वर्षांची सर्व्हिसची बिले एका रात्रीत तयार करता येत नाहीत. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असल्यामुळे ती बिले मीटरच्या आकड्याचीही साक्ष देतात. अधिकृत केंद्रात सर्व्हिस झाली असेल, तर गाडीच्या क्रमांकावरून तेथील नोंदी मिळवता येतात.

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचा स्वतःचा मेकॅनिक आणण्याचे आमंत्रण. दोष लपवणाऱ्याला ते परवडत नाही आणि निर्दोष गाडीच्या मालकाचे त्यात काही जात नाही. मेकॅनिक काय पाहतो हे मालकाला माहीत असणे उपयोगाचे आहे. तो इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगतो, कारण गरम इंजिन कमकुवत बॅटरी आणि झिजलेल्या भागांची लक्षणे झाकते. म्हणून गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी फिरवून आणणे हे सदिच्छेने केले तरी संशयास्पद वाटते. धुरात निळसर छटा असेल तर ऑइल जळते आहे, काळा धूर असेल तर इंधन जास्त जाते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत झिरपत असावे, असा अर्थ लावला जातो. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घेतला जातो.

नागपूर परिसरातील गाड्यांबाबत आणखी एक प्रश्न हल्ली विचारला जातो. २३ सप्टेंबर २०२३ च्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून आणि नाग नदीला पूर येऊन शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि रस्त्यांवर, तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात राहिलेल्या गाडीचे वायरिंग काही महिन्यांनी, कधी वर्षाने त्रास देऊ लागते, म्हणून चटईखालचा वाळलेला गाळ, सीटच्या रुळांवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारे डाग पाहिले जातात. विक्रेत्याने हे भाग स्वतःहून उघडून दाखवले, तर विचारण्याआधीच शंका संपते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलविषयीही असाच मोकळेपणा हवा: एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नसल्यामुळे त्यांचे ॲव्हरेज थोडे घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्या किंवा सील बदलावे लागू शकतात. त्या बदलल्या असतील तर बिल दाखवावे, नसतील तर तसे सांगावे.

दोष सांगण्याबाबत बहुतेक विक्रेत्यांचा हिशेब चुकतो. एसी थंड करत नाही किंवा क्लच सहा महिन्यांत बदलावा लागेल, असे आधीच सांगितले तर त्या दुरुस्तीची रक्कम भावातून जाते, पण तेवढीच जाते. तोच दोष गिऱ्हाइकाला स्वतः सापडला तर न सापडलेल्या आणखी चार दोषांची रक्कमही तो मनात वजा करतो. सांगितलेला दोष इतर सर्व विधानांना वजन देतो.

भाव, हंगाम आणि पैसे

खरेदीच्या तालाला गावात हंगाम असतो. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात येण्याचा काळ आणि दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त गाडी विकायला अनुकूल असतात, तर पितृपक्षात गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. सौदा ठरला की इसार घेऊन पावती द्यावी आणि बाकी रक्कम बँकेमार्फत घ्यावी. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई केली आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. मोबाईलवर आलेला संदेश हा पैसे आल्याचा पुरावा नसतो, खात्यातील शिल्लक हाच पुरावा. आणि पैसे मिळवण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, त्यामुळे क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगणारे गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नसते.

चावी दिल्याने मालकी जात नाही

आतापर्यंतची शंका घेणाऱ्याची होती. पैसे मिळाल्यानंतर ती विकणाऱ्याकडे येते, कारण आता गाडीचे पुढे काय होते हे घेणाऱ्याला माहीत असते आणि विकणाऱ्याला नसते. मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या निकालात हे स्पष्ट झाले: त्या प्रकरणातील गाडी २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे ती आणखी काही हातांतून गेली आणि २००९ मध्ये तिला जीवघेणा अपघात झाला, पण नोंदवहीत पहिल्याच विक्रेत्याचे नाव राहिल्यामुळे नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मुद्रांकावर केलेले विक्रीपत्र व्यवहाराचा पुरावा म्हणून उपयोगी असले, तरी ते नोंदणीची जागा घेत नाही.

कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. विक्रेत्याची सूचना नमुना २९ वर आणि हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० वर होतो. बालाघाट किंवा छिंदवाडा यांसारख्या शेजारच्या राज्यातील जिल्ह्यात गाडी जाणार असेल, तर नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि विक्रेत्याची मुदत ४५ दिवसांची असते. कर्जाचा बोजा नोंदवलेला असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर वारसाने ती प्रथम स्वतःच्या नावावर करून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर हस्तांतरणाचे काम अडते, म्हणून ती विक्रीपूर्वीच बसवावी. एमएच ४० या नागपूर ग्रामीण मालिकेतील गाडीचा अर्ज परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करता येतो. त्यासाठी दोघांच्याही मोबाईलवर ओटीपी येतो, तेव्हा नोंदणीतील जुना मोबाईल क्रमांक आधी दुरुस्त केलेला बरा.

सर्वांत धोकादायक प्रथा म्हणजे सह्या केलेले कोरे २९-३० नंबरचे फॉर्म एजंटाकडे सोपवणे. असे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरतात आणि मधले कोणीही नाव न लावता पुढे विकतात. ई-चलन, अपघात किंवा गुन्ह्यातील वापर यांची चौकशी मात्र पहिल्या मालकाच्या दारात येते. म्हणून फॉर्मवर गिऱ्हाइकाचे नाव व तारीख लिहूनच सही करावी, आणि ताबा देताना तारीख, वेळ, मीटरचा आकडा व दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती असलेली पावती करावी. व्यापाऱ्याला विकताना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांचा आधार मिळतो: अधिकृत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला गाडी दिल्याचे नमुना २९-सी वर कळवले की पुढील विक्रीपर्यंत तोच मालक मानला जातो.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण विमापत्रावर नाव बदलण्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, गाडीची नसून विमाधारकाची असते. ती २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढलेली असू शकते, आणि विक्रेत्याने कंपनीकडून तिचे पत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत नव्या गाडीसाठी वापरता येते. फास्टॅगही विक्रेत्याच्या खात्याशी जोडलेला असतो, म्हणून ताबा देण्याआधी तो बंद करावा.

चौकट : विक्रीचा क्रम

- विक्रीपूर्वी: सर्व्हिसची बिले तारखेनुसार लावणे, पीयूसी व विमा चालू ठेवणे, बोजा उतरवणे, नंबरप्लेट बसवणे, ई-चलन भरणे.
- गाडी दाखवताना: इंजिन थंड ठेवणे, माहीत असलेले दोष लिहून देणे, गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकला तपासू देणे.
- सौदा होताना: इसाराची पावती, बाकी रक्कम बँकेतून, खाते पाहूनच चावी.
- ताबा देताना: वेळ व मीटरच्या आकड्यासह पावती, पूर्ण भरलेले नमुना २९ व ३०, फास्टॅग बंद.
- त्यानंतर: १४ दिवसांत सूचना, नो क्लेम बोनसचे पत्र, आणि संकेतस्थळावर नाव बदलल्याची खात्री.

ओळख संपते तेथे कागद

भिवापूर किंवा उमरेडमध्ये गाडीचा मालक आणि त्याचा मेकॅनिक दोघेही गिऱ्हाइकाच्या ओळखीचे असतात, तेव्हा बरीच खात्री त्या ओळखीतूनच मिळते, आणि म्हणूनच चांगल्या गाड्या अनेकदा जाहिरातीविना नात्यागोत्यात विकल्या जातात. परंतु ओळखीच्या वर्तुळात गिऱ्हाइके मोजकीच असतात, भिडेपोटी भाव मागता येत नाही आणि नाव बदलण्याचा तगादाही लावता येत नाही. ओळखीच्या बाहेर चांगला भाव मिळवायचा असेल तर बिले, तपासणी आणि नोंदणी यांच्या आधारे अनोळखी माणसाला विश्वास द्यावा लागतो. त्यासाठी लागणारा पैसा नगण्य आहे; लागते ती गाडी घेतल्या दिवसापासूनची शिस्त, आणि तिचा मोबदला मिळतो तो विक्रीच्या दिवशी.